सरनाईकबाईंच्या गाडीचं दार

मोटारीच्या दाराच्या आत काय असतं, हे मोटार चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. बटण दाबलं की काच वर जाते, दुसरीकडं दाबलं की खाली येते, एवढीच त्यांची आणि दाराची ओळख. मी मात्र जवळजवळ तीस वर्षं दाराच्या आतच काढली. इंजिनातलं मला आजही काही विचारू नका, मी सांगणार नाही. पण दाराचं विचारा.

दार म्हणजे दोन पत्र्यांची पोकळ पेटी. आतल्या पत्र्याला जागोजाग भोकं असतात, त्यांतून हात घालून काम करायचं. पेटीत काच उतरते. काचेला खालून धरणारी एक पकड असते, ती उभ्या पट्टीवरून वर-खाली सरकते. पकडीला बारीक तार, तारेला चरक म्हणजे खाचेचं गोल चाक, चरकाला मोटर. या सगळ्याला आम्ही नुसतं ‘मशीन’ म्हणतो. मशीन बिघडतं ते बहुतेक तार तुटल्यामुळं, नाहीतर पकडीचं प्लॅस्टिक फुटल्यामुळं. मग काच धाडकन आत पडते आणि गाडीचा मालक दाराच्या फटीत डोकावत उभा राहतो.

या धंद्यात मी आले ती माझ्या हातामुळं. आमच्या मालकांचं, म्हणजे ह्यांचं, बावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं शेड होतं, दाराच्या आणि काचांच्या कामाचं. माझं माहेर नेसरी, दहावीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर मी शेडवर डबा घेऊन जायची, तेवढाच माझा आणि गाड्यांचा संबंध. एक दिवस हे दारापुढं बसून घाम पुसत होते. मला बघून म्हणाले, “शालन, हात घाल बरं जरा आत. माझा मनगटाजवळ अडकतोय.”

“बांगड्या हायत की.”

“काढ. उद्या नव्या भर.”

मी बांगड्या काढल्या आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत एक नट पडला होता, तो बोटानं चाचपून बाहेर काढला. शेडमधली सगळी माणसं बघतच राहिली. त्या दिवसापासून डबा न्यायचा राहिला आणि मी साडीवर ह्यांचा जुना शर्ट घालून कामाला बसू लागले. डोळ्यांना दिसत नाही तिथं बोटांनी बघायचं, हे काम मला फार आवडलं. एवढं आवडतं काम जन्मात मिळतं कुणाला?

दारात काय काय सापडायचं! कंगवे, लग्नपत्रिका, लहान मुलाचा दुधाचा दात, एकदा पायातली चांदीची मासोळी. पेठ वडगावचे एक पावणं तर मुठीत स्क्रू घेऊन आले. फोनवर बघून घरीच मशीन बदलायला बसले होते. “बसवलं सगळं, पण सात स्क्रू शिल्लक राह्यलं,” म्हणाले. ह्यांनी विचारलं, “पावणं, काच चालतीया का?” तर म्हणाले, “काच चालतीया की. पण दार उघडंना.” दाराला आतून कुलूप लागलेलं आणि पावणं मागच्या सीटवरून चढून गाडी चालवत आलेले.

पण आज सांगायचं आहे ते वेगळंच.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कसबा बावड्यात नव्या वसाहतीत सरनाईकबाई राहायच्या. सरकारी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मुलगा बेंगळुरूला. घर गावाच्या टोकाला, समोर उसाचं रान, रिक्षा मिळायची मारामार. म्हणून बाई साठाव्या वर्षी गाडी शिकल्या. पांढरी छोटी गाडी. बाजार, बँक, दवाखाना, मैत्रिणी, सगळं त्या गाडीवर. त्यांच्या बोलण्यात गाडीचा विषय असा यायचा, जसा इतर बायकांच्या बोलण्यात लेकीचा येतो.

चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराची काच आत पडली. पाऊसकाळ होता, काच उघडी ठेवून गाडी बाहेर काढता येईना. मी म्हटलं, “बाई, तुम्ही येऊ नका. मशीन घेऊन मीच येते घरी.” घरी जाऊन काम करायची मला सवय होती. पोर्चमध्ये सावली असते, चहा मिळतो आणि शेडमधली वटवट नसते.

सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. दाराचं आतलं झाकण काढलं. काच वर ओढून, छतावरून चिकटपट्टी घालून टांगून ठेवली. ही टांगलेली काच म्हणजे सलाईनच्या बाटलीसारखी, तिच्याकडं एक डोळा ठेवावा लागतो. जुनं मशीन काढलं, नवं बसवलं. आता काच पकडीत बसवायची, तर पकड भोकासमोर यायला हवी. त्यासाठी किल्ली चालू करून बटण हळूहळू दाबायचं. झाकण काढल्यामुळं बटणांची पट्टी वायरीला लोंबत होती. ती मी बाईंच्या मांडीवर दिली. बाई चालवायच्या सीटवर बसल्या होत्या.

“वर म्हटलं की वर. थांबा म्हटलं की बोट उचलायचं.”

“हो, हो. शिलाई मशीनच्या पायडलसारखं.”

बाई हुशार. दोनदा दाबून पकड बरोबर जागेवर आणली. तार चरकावर नीट बसलीय का, ते बघायला मी हात आत घातला.

आता इथं मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यात पहिला नियम एकच आहे. हात आत घालायच्या आधी गाडीची किल्ली काढायची आणि आपल्या खिशात ठेवायची. मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेला. चोवीस-पंचवीस वर्षं मी तो मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. का? तर मी बोलत होते. बाईंना सांगत होते, की इतक्या वर्षांत माझ्या हाताला साधा ओरखडासुद्धा नाही. खरंच हेच सांगत होते. आणि सांगता सांगता किल्ली तशीच चालू ठेवून मी हात आत घातला.

तेवढ्यात फाटक वाजलं. कुणीतरी पार्सल घेऊन आला होता. बाई “आले, आले” म्हणत वळल्या आणि त्यांचा अंगठा बटणावर पडला.

पकड वर आली. माझी उजव्या हाताची दोन बोटं तिच्या आणि वरच्या चरकाच्या मध्ये सापडली. मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. बाईंना आठवतं.

पण त्या बाईनं भान सोडलं नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बटण उलटं दाबून पकड खाली घेतली, किल्ली बंद केली, माझा हात अलगद बाहेर काढला. शिवायला आलेलं कुणाचं तरी कोरं पांढरं कापड घरातून आणून गुंडाळलं. शेजारच्यांना हाका मारून त्यांची गाडी काढायला लावली. रस्ताभर माझा हात त्यांनी स्वतःच्या खांद्याच्या वर धरून ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?”

माझ्या आधी बाई बोलल्या. “माझ्यामुळं झालं. मी बटण दाबलं.”

आणि मी गप्प बसले.

दुखत होतं, हे खरं. पण त्यामुळं गप्प बसले, हे खरं नाही. तोंड उघडून ‘किल्ली मी काढली नव्हती’ एवढं म्हणायला ताकद लागत नाही. मला लाज वाटली. शेडमधली सगळी माणसं माझं नाव घेऊन नव्या पोरांना काम शिकवायची. “शालनताईसारखं करा” म्हणायची. ते नाव मला सोडवेना. मालक धावत आले, त्यांनी विचारलं, तेव्हाही मी म्हणाले, “बाईंचा हात बटणावर पडला.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं, तर्जनीची शीर तुटली होती. शिवून, पट्टी बांधून घरी पाठवलं. पुढचे पंधरा दिवस बाई एक दिवसाआड येऊन मला पट्टी बदलायला घेऊन जायच्या, रिक्षानं. रिक्षा वसाहतीत मिळत नाही म्हणून त्या आधी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत यायच्या. पोर्चमधली गाडी तशीच होती. दार उघडं, काच टांगलेली, वर ताडपत्री टाकलेली.

“गाडीचं आमचे मालक बघतील,” मी म्हटलं.

ह्यांनी जाऊन बघितलंही. पण त्या दाराची भोकं लहान, ह्यांचा हात मनगटाशीच अडकला. दुसरा कुणी मेकॅनिक आणतो म्हटलं, तर बाईंनी नको म्हणून सांगितलं.

आणि एक दिवस पट्टी बदलून येताना रिक्षात म्हणाल्या, “शालनताई, गाडी विकतेय मी. मुलगा म्हणतो, या वयात नसते उद्योग कशाला. बरोबर आहे त्याचं. मला त्या गाडीत बसवतच नाही. रविवारी एक माणूस येतोय बघायला. तेवढं दार कसं बंद करायचं ते सांगा.”

मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले. साठाव्या वर्षी शिकलेली गाडी ही बाई माझ्या चुकीपायी विकत होती आणि मी शेजारी बसून हिंदकळत होते. तरीही त्या वेळी मी बोलले नाही. एवढंच म्हणाले, “शनिवारी येते. मी सांगते, तुम्ही करा. तुमचा हात जाईल आत.”

“मी? मी परत त्या दाराला हात लावणार न्हाय,” बाई पहिल्यांदाच आपल्या गावाकडच्या बोलीत बोलल्या.

“लावाल. शिवणकाम शिकवलंय की तुम्ही पोरींना.”

शनिवारी ह्यांनी मला मोटारसायकलवरून बाईंच्या फाटकाशी सोडलं आणि ते शेडवर गेले. मी गळ्यात हात अडकवून पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. बाईंनी ताडपत्री काढली. बटणांच्या पट्टीकडं मात्र त्या बघतच नव्हत्या.

मी म्हटलं, “घाबरू नका. आधी पकड जागेवर आहे का ते बघू. आहे. आता तार चाचपायला हात आत घालायचा. पण त्याच्या आधी किल्ली काढा आणि तुमच्याजवळ ठेवा. किल्ली आपल्या खिशात असल्याशिवाय हात आत घालायचा न्हाय. हा पहिला नियम.”

वर्षानुवर्षं शिकवायची सवय. तोंडातून निघून गेलं.

बाई किल्लीकडं हात नेता नेता थांबल्या. शिकवणाऱ्या बाई त्या, नियम म्हटल्यावर त्यांचं डोकं चालायचंच. माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, “पहिला नियम? मग त्या दिवशी किल्ली कुठं होती?”

“लावलेलीच होती.”

“मी लावली होती?”

“न्हाय बाई. चालू मीच केलती. आणि काढायची मीच विसरले. चूक माझी हुती.”

बाईंनी किल्लीकडं नेलेला हात मागं घेतला.

मग म्हणाल्या, “पंधरा दिवस मला झोप नाही. डोळा लागला की तुमची किंकाळी ऐकू येते. एका बाईचा हात मी मोडला, तिच्या पोटावर पाय आणला, असं मी देवापुढं रोज म्हणते. आणि तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“रिक्षात माझ्या शेजारी बसून माहीत होतं?”

“व्हय.”

बाईंनी किल्ली काढून घेतली आणि त्या घरात गेल्या. दार लावून घेतलं.

मला वाटलं, आता उठून जावं. कुठल्या तोंडानं बसायचं? पण आभाळ भरून आलं होतं आणि काच चिकटपट्टीवर टांगलेली. पट्टी भिजली की सुटते. काच आत पडून फुटली, तर त्या बाईच्या नुकसानीत आणखी भर. म्हणून मी बसून राहिले. डाव्या हातानं काच खालून धरून उभी राहिले म्हणा ना. खांदा भरून आला तरी धरून ठेवली.

बऱ्याच वेळानं घराचं दार उघडलं. बाईंनी तोंड धुतलेलं होतं, पदर खोचलेला होता आणि गाडीची किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती. माझ्याकडं न बघता त्या दारापुढं पाटावर बसल्या.

“सांगा पुढं.”

मी सांगत गेले. त्यांनी हात आत घातला.

“काय लागतं बोटाला?”

“गोल चाक. त्याला खाच आहे. तार खाचेत आहे.”

“सगळीकडं?”

“एका जागी वर चढलीय.”

“बॉबिनवरचा दोरा असा चढला तर काय करता?”

आत त्यांचं बोट हललं, ‘टक’ असा बारीक आवाज आला. “बसली,” म्हणाल्या.

त्या एका आवाजासाठी मी तीस वर्षं काम केलं. तो दुसऱ्याच्या हातून आला, तरी मला तितकाच आनंद झाला.

मग चिकटपट्टी सैल करून काच हळूहळू पकडीत उतरवली. दहाच्या पान्यानं दोन बोल्ट कसायचे होते.

“घट्ट करा, पण पिळू नका. काच हाय ती.”

“दोरा ओढतो तसं? टाका बसला पाहिजे, कापड गोळा व्हायला नको.”

“तसंच बघा.”

एवढं सोपं करून मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पुढं शेडवर मी सगळ्यांना हेच वाक्य सांगू लागले.

शेवटी बटण दाबायची वेळ आली. बाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली लावली, बटणांची पट्टी हातात घेतली आणि तशाच बसल्या. बोट बटणाजवळ जाईना. मी गाडीपासून चार पावलं मागं सरले, बांधलेला हात आणि मोकळा हात, दोन्ही वर केले.

“बाई, इकडं बघा. दोन्ही हात माझ्यापाशी हायत. दाबा.”

काच वर गेली. सरळ, न अडखळता, वरच्या रबरात जाऊन बसली. बाईंनी खाली घेतली, परत वर केली. पाच-सहा वेळा केली. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हसतोय, तसं हसू आवरून त्यांनी किल्ली काढली. माझ्यादेखत मुलाला फोन लावला. “त्या उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. गाडी विकायची नाही. का म्हणजे? माझी आहे म्हणून.”

फोन ठेवून मला म्हणाल्या, “रिक्षा मोठ्या रस्त्याला मिळेल तुम्हाला.”

सोडायला आल्या नाहीत. मला वाईट वाटलं नाही. त्यांचं बरोबरच होतं.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पंधरा दिवस शेडवर येईल त्याला ‘त्या बाईनं बटण दाबलं’ असं सांगितलेलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता सगळ्यास्नी परत सांगत फिरू व्हय?”

“व्हय.”

“तुझं नाव जाईल की.”

“जाऊ दे. ते बाईंच्या नावावर खापर फोडून चाललं हुतं.”

ह्यांनी खरंच सांगितलं. चहाच्या टपरीपासून रंगकाम करणाऱ्यापर्यंत, एकेकाला गाठून. “चूक आमच्या घरची हुती.” हसले थोडे लोक. चार दिवसांनी विसरले. मी ज्याला एवढं जपत होते, त्याची लोकांना इतकीशी किंमत होती.

तर्जनीचं टोक माझं आजही वाकत नाही. पट्टी सुटल्यावर मी परत कामाला बसले, आणखी काही वर्षं काम केलं. आता शेड ह्यांच्या पुतण्याकडं दिलंय. मागं वळून बघते तेव्हा वाटतं, मला या धंद्यानं खूप दिलं. पण सगळ्यात मोठं दिलं ते त्या दोन आठवड्यांत, आणि ते देणारी बाई गाड्यांच्या धंद्यातली नव्हती.

एक सांगायचं राहिलंच. दार दुरुस्त झाल्यावर तीन दिवस बाईंचा फोन नाही, काही नाही. पट्टी बदलायला मी ह्यांच्याबरोबर जाऊन आले. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. माझा हात बांधलेला, त्यामुळं भाकरी हे थापायचे. एकीकडं जाड, एकीकडं पातळ, मधे करपलेली. गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. दारातून बघितलं, तर पांढरी गाडी आणि चालवायला बाई. काच पूर्ण खाली. आमच्या अरुंद बोळात पुढं-मागं, पुढं-मागं करत त्यांनी गाडी भिंतीला लावली. शेजारपाजारची सगळी दारं उघडली.

बाई चप्पल काढून आत आल्या. मी गडबडीनं खुर्ची पुढं केली. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि आमच्या शेजारी खाली बसल्या.

“राग गेला नाही अजून,” म्हणाल्या. “पण भूक लागलीय. काय केलंय?”

“वांगं हाय. पण बाई, भाकरी ह्यांनी केल्यात. तुमास्नी जाणार न्हाईत.”

ह्यांनी मान खाली घातली. मी डाव्या हातानं ताट वाढलं. बाईंनी भाकरी उचलली, दोन्ही बाजूंनी निरखली, जसं एखादीनं वाकडी शिलाई घालून आणलेलं कापड बघावं. आता काही बोलणार म्हणून आम्ही दोघं जीव मुठीत धरून बसलो. त्यांनी तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला आणि खाल्ला. सगळी भाकरी संपवली, करपलेल्या भागासकट.

मग ताट माझ्यापुढं सरकवलं.

“अजून एक वाढा.”